भेंडीबाजार : एका मोहल्ल्याचे नाव, एका घराण्याचे गाणे

भेंडीबाजार म्हटले की तुमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय येते? आठवीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला. रमजानच्या रात्रीची खाण्याची गर्दी, ईदची खरेदी, कबाब, फालुदा अशी उत्तरे आली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, पिक्चरमध्ये दाखवतात ना, भाई लोकांची गल्ली!" सगळा वर्ग हसला. एका मुलीने हळूच सांगितले, "आमच्या नानीचे जुने घर." पण तिथे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे एक मोठे घराणे जन्माला आले, हे एकालाही ठाऊक नव्हते. मुलांना दोष कसा देणार? त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आपल्याकडे गाण्याची घराणी बहुतेक शहरांच्या, संस्थानांच्या किंवा गावांच्या नावाने ओळखली जातात. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, पतियाळा, रामपूर, किराणा. या यादीत एकच नाव असे आहे की ते राजाचे नाही, राजधानीचे नाही, तर मुंबईतल्या एका बाजारपेठेचे आहे. भेंडीबाजार घराणे! ज्या नावाचा सिनेमावाल्यांनी गुंडगिरीशी संबंध जोडला, ते नाव संगीताच्या जाणकारांत आजही कानाला हात लावून घेतले जाते.

या घराण्यात उस्ताद अमान अली खाँ नावाचे एक बंदिशकार होऊन गेले. बंदिश म्हणजे ख्यालगायनात गायला जाणारा तो लहानसा काव्याचा आणि सुरांचा बांधीव तुकडा, ज्याच्या आधारावर गायक पुढचा सगळा विस्तार करतो. अमान अली खाँ यांनी बांधलेल्या बंदिशी आजही मैफलींत गायल्या जातात. त्यांच्याशी आणि त्यांच्या घराण्याशी जोडलेल्या जागा आपल्या विरारहून एका लोकल प्रवासाच्या अंतरावर आहेत. या लेखात त्या जागांमधून मुंबई पाहू या. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तुम्हीही हा फेरफटका करू शकता.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. गाणे ऐकावे की ऐकू नये, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. मी त्या वादात शिरणार नाही. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ज्याला नको त्याने नुसते चालावे. आपल्याच माणसांनी आपल्याच मोहल्ल्यात केलेले काम माहीत असणे, एवढ्यावर तरी आपले एकमत व्हायला हरकत नाही.

विरारची पहिली लोकल आणि तीन भाऊ

आपण विरारकर लोकलला रोज शिव्या घालतो, पण तिचा मानही मोठा आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुरू केली, ती विरारहून बॅकबेपर्यंत. दिवसाला एक गाडी जायची आणि एक यायची. मुंबई तेव्हा वाढत होती. कापसाच्या व्यापारात पैसा आला होता, गिरण्या उभ्या राहत होत्या, गोदी गजबजत होती. कोकणातून, गुजरातेतून, उत्तरेतून माणसे रोजीरोटीसाठी येत होती.

त्याच सुमारास, म्हणजे १८७० च्या आसपास, उत्तर प्रदेशातल्या बिजनौर भागातून तीन भाऊ मुंबईत आले. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ. वडील दिलावर हुसेन खाँ यांच्याकडून त्यांना गाण्याची तालीम मिळाली होती. १८५७ नंतर दिल्ली आणि लखनौचे दरबार मोडले होते. गाणाऱ्या घरांना नवा आसरा शोधावा लागत होता. मुंबईत राजा नव्हता, पण व्यापारी होते, शिकायची हौस असलेली माणसे होती, तिकीट काढून गाणे ऐकणारे लोक तयार होत होते. १८७० मध्येच कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी 'गायन उत्तेजक मंडळी' ही संस्था काढली होती. गाणे दरबारातून शहरात उतरत होते, त्याची ही खूण.

हे भाऊ भेंडीबाजारात राहिले, तिथेच गायले, तिथेच शागीर्द घडवले. १८९० च्या सुमारास लोक त्यांच्या गायकीला 'भेंडीबाजारवाल्यांचे गाणे' म्हणू लागले आणि घराण्याला नाव मिळाले. छज्जू खाँ यांचे चिरंजीव ते अमान अली खाँ. त्यांचा जन्म १८८८ चा.

ग्रँट रोड, नाना चौक : शागीर्दाचे घर

विरारहून चर्चगेट फास्ट पकडायची, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो गाडी घ्यायची. पुढचेच स्टेशन ग्रँट रोड. रविवारी ब्लॉक असतो, तेव्हा सकाळी लवकर निघालेले बरे. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडले की दोन मिनिटांत नाना चौक येतो. जगन्नाथ शंकरशेट उर्फ नाना यांच्या नावाचा हा चौक.

आपला फेरफटका इथून सुरू करण्याचे कारण आहे एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. १९४५ मध्ये मास्टर विनायक यांची चित्रपट कंपनी कोल्हापूरहून मुंबईला आली आणि तिच्यासोबत लता मंगेशकरही आल्या. वडील दीनानाथ १९४२ मध्ये गेले होते. आई आणि चार लहान भावंडांची जबाबदारी या मुलीवर होती. नाना चौकात या कुटुंबाने संसार मांडला. दिवसभर स्टुडिओत काम आणि त्यातून वेळ काढून शास्त्रीय संगीताची तालीम, असा तिचा क्रम होता. मुंबईत आल्यावर लताबाईंनी ज्यांच्याकडे शास्त्रीय गाणे शिकायला सुरुवात केली, ते उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले.

अशी तालीम सुरू होताना गंडा बांधण्याची रीत असते. उस्ताद शागीर्दाच्या मनगटावर धागा बांधतात, गूळ-चणे किंवा मिठाई वाटली जाते आणि त्या दिवसापासून शागीर्द घरचा होतो. गोव्याच्या मंगेशीचे नाव लावणारी मुलगी आणि भेंडीबाजारचे खाँसाहेब यांच्यात असे नाते जुळले, तेव्हा बाहेर देशात फाळणीचे ढग जमत होते, हे विसरता कामा नये.

उर्दू शिकवणारी बाई म्हणून मला याच काळातला आणखी एक किस्सा फार आवडतो. तो स्वतः लताबाई सांगत असत. लोकलने प्रवास करताना संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची ओळख दिलीपकुमार यांच्याशी करून दिली. मुलगी मराठी आहे हे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. लताबाईंना ते लागले. पण रुसून बसण्याऐवजी त्यांनी एका मौलानांची शिकवणी लावली आणि उर्दूचे उच्चार घोटून घेतले. पुढे त्यांच्या 'क़' आणि 'ख़' मध्ये उर्दूवाल्यांनाही खोट काढता आली नाही. मराठी मातृभाषेच्या मुलांना उर्दू जमत नाही, असे कोणी म्हटले तर मी हा किस्सा सांगते.

केनेडी पूल, ऑपेरा हाऊस : मैफलींचा परिसर

नाना चौकातून रेल्वेच्या कडेने दक्षिणेला गेले की केनेडी पूल येतो. पूल ओलांडला की ऑपेरा हाऊस. आज इथे हिरे बाजाराची आणि वाहनांची वर्दळ दिसते. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईच्या गाण्याचे हे एक मोठे केंद्र होते. पुलाच्या आसपास गाण्यावर पोट असलेल्या स्त्रियांची वस्ती होती. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुली गात नसत. उस्तादांकडून गाणे शिकून ते टिकवण्याचे मोठे काम या स्त्रियांनी केले. समाजाने त्यांना नावे ठेवली, मात्र त्यांनी जपलेले गाणे आवडीने ऐकले.

रॉयल ऑपेरा हाऊसची इमारत १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या भेटीच्या वेळी सुरू झाली. पुढे बरीच वर्षे ती बंद होती. दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. तिच्याच परिसरात लक्ष्मी बाग नावाचे जुने सभागृह आहे, तिथे नामवंतांच्या मैफली होत. जवळच प्रा. बी. आर. देवधर यांचे संगीत विद्यालय. देवधर मास्तरांनी ते १९२५ मध्ये सुरू केले. त्यांच्याकडे सर्व घराण्यांच्या उस्तादांचे येणे-जाणे असे. कुमार गंधर्व लहानपणी इथेच शिकले.

कुमारांचे नाव घेतले की भेंडीबाजार घराण्याचा आणखी एक धागा हाती येतो. तो म्हणजे अंजनीबाई मालपेकर. १८८३ मध्ये जन्मलेल्या अंजनीबाई मूळच्या गोव्याच्या. अगदी लहान वयात त्यांची तालीम नझीर खाँ यांच्याकडे सुरू झाली, म्हणजे अमान अली खाँ यांच्या काकांकडे. ऐन भरात असताना त्यांनी मैफली सोडल्या आणि पुढचे आयुष्य शिकवण्यात घालवले. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने अंजनीबाईंना फेलोशिप दिली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

जरा विचार करा. बिजनौरहून आलेला एक उस्ताद, गोव्याची एक मुलगी, आणि तिच्याकडून शिकलेले कुमार व किशोरीताई. महाराष्ट्र ज्यांना आपल्या गाण्याचा अभिमान म्हणून मिरवतो, त्यांच्या तालमीचा एक झरा भेंडीबाजारातून निघालेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीने जरी आले, तरी मराठी आणि मुसलमान या दोन शब्दांमध्ये मुलांना जे अंतर वाटते, ते थोडे कमी होईल.

सँडहर्स्ट रोड : गणिताचा आणि गाण्याचा रस्ता

ऑपेरा हाऊसपासून पूर्वेला सरदार वल्लभभाई पटेल रस्ता निघतो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजून सँडहर्स्ट रोड असेच आहे. खेतवाडी, गोल देऊळ करत तो थेट भेंडीबाजार-डोंगरीला जातो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०८ मध्ये मुंबईत आणलेले गांधर्व महाविद्यालय याच रस्त्यावर होते. म्हणजे एका टोकाला मैफलीच्या जागा, मध्ये संगीताची शाळा आणि दुसऱ्या टोकाला खाँसाहेबांचा मोहल्ला. हे अंतर सावकाश चालले तरी पाऊण तासात कापता येते. मुले कंटाळू नयेत म्हणून चालता चालता त्यांना एक गणित घालावे.

सा, रे आणि ग असे तीन सूर घेतले आणि प्रत्येक सूर एकदाच वापरायचा ठरवले, तर ते किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. झाले सहा. चार सूर घेतले तर २४ क्रम होतात. पाच घेतले तर १२०, सहा घेतले तर ७२० आणि सातही सूर घेतले तर ५०४०. दहावी-बारावीची मुले लगेच ओळखतील की हे क्रमचयाचे गणित आहे.

संगीतात याच पद्धतीला खंडमेरू किंवा मेरुखंड म्हणतात आणि हीच भेंडीबाजार घराण्याची खास ओळख आहे. शागीर्दाला सुरांचे हे क्रम गळ्यावर चढवावे लागत. एका क्रमाला फक्त पाच सेकंद धरले, तरी ५०४० क्रम एकदा म्हणायला न थांबता सात तास लागतील! अर्थात गायक मैफलीत हे पाढे म्हणत बसत नाही. रियाजात गळा आणि बुद्धी इतकी तयार होते की रागाला शोभेल तो क्रम आपोआप सुचतो. हाफिज मुलगा जसा कुठल्याही आयतीपासून पुढे सुरू करू शकतो, तशी ती तयारी असते, एवढे सांगितले की आपल्या मुलांना ती कल्पना लगेच कळते. जे नुसते घोकले जाते ते अडखळते, जे मुरलेले असते ते वाहते.

गंमत अशी की खंडमेरूचा हा विचार ज्या जुन्या ग्रंथात मांडलेला आहे, तो 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातच लिहिला गेला. त्याचा कर्ता शारंगदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होता. देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद. तिथे संस्कृत ग्रंथात लिहिलेले गणित सहाशे-सातशे वर्षांनी मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यात गळ्यांवर चढवले जात होते.

भेंडीबाजार : जिथे 'अमर' लिहीत होते

आता आपण इब्राहिम रहिमतुल्ला रोड आणि मोहम्मद अली रोड यांच्या परिसरात आलो. डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल. त्यावरून गाड्या जातात, त्यातल्या माणसांना खालचा बाजार दिसतच नाही. भेंडीबाजार हे नाव कसे पडले याच्या दोन कथा आहेत. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा बाजार म्हणून इंग्रज त्याला 'बिहाइंड द बाजार' म्हणत, त्याचे भेंडीबाजार झाले, ही एक. इथे पारोसा भेंडीची झाडे होती म्हणून भेंडीबाजार, ही दुसरी. मला झाडांची कथा जास्त आवडते.

याच मोहल्ल्यातल्या घराण्यात अमान अली खाँ घडले. घराण्याची खुली आकारयुक्त गायकी, लांब दमसास, मध्य लयीत खुलणारा ख्याल आणि नीटस सरगम हे सारे त्यांनी वडिलांकडून आणि काकांकडून घेतले. पण ते वारशावर थांबले नाहीत. दक्षिणेतल्या कर्नाटक संगीताचा त्यांनी मनापासून अभ्यास केला. त्या काळी उत्तरेचे बरेच गवई दक्षिणेच्या गाण्याकडे वळूनही पाहत नसत. अमान अली खाँ यांनी मात्र तिथले राग, तिथली लयीची आणि सरगमची शिस्त आपल्या गाण्यात आणली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हंसध्वनी राग. मूळचा हा कर्नाटक संगीतातला, अठराव्या शतकातल्या रामस्वामी दीक्षितरांची निर्मिती. त्यात सा, रे, ग, प, नी असे पाचच सूर लागतात. मघाच्या गणिताने पाहिले तर पाच सुरांचे १२० क्रम! अमान अली खाँ यांनी या रागात द्रुत लयीची एक बंदिश बांधली आणि हंसध्वनी उत्तर हिंदुस्थानात रुजला. आज कुठल्याही मैफलीत उत्तरेचा गायक हा राग गातो, त्यामागे भेंडीबाजारच्या या उस्तादांची मेहनत आहे.

गझल लिहिणारा शायर मक्त्यात आपले तखल्लुस गुंफतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बंदिशकारही तसेच करतात. अमान अली खाँ यांचे तखल्लुस होते 'अमर'. त्यामुळे शंभर वर्षांनीही कोणी त्यांची बंदिश गाते, तेव्हा त्यांचे नाव गायकाच्या तोंडून आपोआप उच्चारले जाते. कागदावर सही करण्यापेक्षा ही पद्धत टिकाऊ म्हणायची. कागद फाटतो, पण गळ्यातून गळ्यात गेलेले नाव राहते. उर्दूत याला 'सीना-ब-सीना' म्हणतात.

या गाण्याचा ज्यांच्यावर खोल परिणाम झाला, त्यात सर्वांत मोठे नाव इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांचे. त्यांनी मेरुखंड आत्मसात केले आणि आपल्या संथ, चिंतनशील गायकीत ते असे मिसळले की पुढच्या पिढ्या त्यांच्या मागे गेल्या. हंसध्वनीतली ती बंदिश अमीर खाँ यांच्या आवाजात घराघरांत पोहोचली. थेट शागिर्दांत बडोद्याचे पं. शिवकुमार शुक्ल, मुंबईचे पं. रमेश नाडकर्णी अशी नावे येतात. पुण्याचे पं. त्र्यंबकराव जानोरीकर आणि त्यांच्या शिष्या सुहासिनी कोरटकर यांनीही हे घराणे पुढे नेले. आयुष्याच्या अखेरीस खाँसाहेब दिल्लीला गेले आणि १९५३ मध्ये त्यांचा इंतेकाल झाला.

चोर बाजार : एका गाण्यात दोन शागीर्द

भेंडीबाजारातून दहा मिनिटे चालले की मटण स्ट्रीट, म्हणजेच चोर बाजार. जुनी घड्याळे, दिवे, सिनेमाची पोस्टरे यांच्या गर्दीत काही दुकानांत अजून ग्रामोफोन आणि जुन्या तबकड्या दिसतात. दुकाने शुक्रवारी बंद असतात, रविवारी चालू. तबकडी हातात घेऊन मुलांना दाखवावी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासाभराचा राग तेवढ्यात बसवण्याचे कसब तेव्हाच्या गवयांना शिकावे लागले.

इथल्या ढिगाऱ्यात दोन चित्रपटांची नावे शोधावीत. पहिला, १९४१ चा 'चित्रलेखा'. त्याचे संगीतकार उस्ताद झंडे खाँ हे भेंडीबाजारच्या बुजुर्गांचे शागीर्द होते. दुसरा, १९५६ चा 'परिवार'. त्यात सलील चौधरी यांनी हंसध्वनी रागात एक युगलगीत बांधले. त्याचा नमुना म्हणजे अमान अली खाँ यांचीच ती बंदिश. गायिका लता मंगेशकर आणि गायक मन्ना डे. आता मुद्दा असा की मन्ना डे यांनीही मुंबईत अमान अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती! खाँसाहेबांना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि एक मराठी व एक बंगाली असे त्यांचे दोन शागीर्द उस्तादांच्या चालीवरचे गाणे एका मायक्रोफोनपुढे गात होते. ते गाणे देशभर रेडिओवर वाजले. ऐकणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना त्यामागचा मोहल्ला माहीत होता?

भिंती जातील, मग काय राहील?

आजच्या भेंडीबाजारात जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतलेली ही पुनर्विकास योजना सुमारे साडेसोळा एकरांची आहे. जवळपास २५० जुन्या इमारती तिच्यात येतात. काहींना यामुळे हळहळ वाटते. पण ऑगस्ट २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवर जुनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे गेली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. टेकू लावलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना 'वारसा जपा' असे सांगणे सोपे आहे, तिथे रात्री झोपणे अवघड. घरे नवी झालीच पाहिजेत.

पण मग आठवण कुठे ठेवायची? हा प्रश्न फक्त भेंडीबाजारात राहिलेल्यांचा नाही, आपलाही आहे. मीरारोड, नालासोपारा, वसई, विरार इथल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची मागची पिढी डोंगरी, नळबाजार, मदनपुरा, भेंडीबाजार इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत वाढली. खोली विकून, पागडी सोडून आपण इकडे आलो. भांडी, कपाटे, कुराणशरीफ, निकाहनामे सोबत आणले. मोहल्ल्याच्या गोष्टी मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिल्या. मुलांना मोहल्ला कळतो तो सिनेमातून. मग नोकरीच्या मुलाखतीत कोणी "मूळचे कुठले?" असे विचारले की "भेंडीबाजार" म्हणताना त्यांची जीभ अडखळते.

छज्जू खाँ, नझीर खाँ, अमान अली खाँ यांनी या नावाला जी इज्जत दिली, ती मिळवायला त्यांच्याजवळ ना दौलत होती ना दरबार. मेहनत आणि शागिर्दांवरची माया एवढीच पुंजी होती. समोर कोण बसले आहे, कुठल्या धर्माचे, कुठल्या भाषेचे, हे न पाहता त्यांनी शिकवले. म्हणूनच त्यांचा मोहल्ला बदलला, इमारती पडल्या, तरी त्यांची विद्या पुण्यात, बडोद्यात, दिल्लीत शाबूत राहिली. शिक्षक म्हणून मला यातून मोठा धीर मिळतो. वर्गाच्या चार भिंती आज आहेत, उद्या नसतील. जे मुलांच्या सीन्यात उतरले तेवढेच खरे.

तेव्हा येत्या सुट्टीत एवढे करा. घरातल्या बुजुर्गांना, दादा-दादींना, नाना-नानींना विचारा की मुंबईत त्यांची खोली नेमकी कुठल्या गल्लीत होती, शेजारी कोण राहत असे, संध्याकाळी कुठून काय ऐकू येई. मुलांना ते वहीत लिहून घ्यायला लावा, मराठीत किंवा उर्दूत. मग त्यांना घेऊन ग्रँट रोडला उतरा आणि भेंडीबाजारपर्यंत चाला. सोबत पाण्याची बाटली आणि ती वही ठेवा. नानीने सांगितलेली गल्ली सापडली तर तिथे थांबून मुलांना ते पान वाचून दाखवा. परतीची गाडी साडेचारच्या आधी पकडली, तर विरारपर्यंत बसायला जागाही मिळते.